गाण्याखालची सही : वामनदादा कर्डक यांच्या गीतरचनेचा अभ्यास

प्रास्ताविक

अमेरिकेत 'अमेरिकाना' नावाचा एक संगीतप्रकार आहे. लोकगीते, चर्चमधील भजने, शेतमजुरांची आणि रेल्वे कामगारांची गाणी अशा जुन्या मुळांतून तो वाढला. त्यातला कलावंत बहुधा स्वतः लिहितो, स्वतः चाल लावतो, स्वतः गातो आणि गावोगाव फिरतो. त्याचे जीवन आणि त्याची गाणी वेगळी काढून अभ्यासता येत नाहीत. मराठीत अशा कलावंताचा शोध घेतला तर पहिले नाव वामनदादा कर्डक यांचे घ्यावे लागते.

वामनदादांवर आदराने पुष्कळ बोलले जाते, पण त्यांच्या रचनेवर फारच थोडे. 'लोककवी' हे बिरुद लावले की समीक्षेचे काम संपले असे मानले जाते. या टिपणात आपण त्यांच्या गाण्याची बांधणी पाहणार आहोत. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : ही गाणी कानासाठी बांधलेली आहेत, म्हणून त्यांना कागदावरच्या कवितेची मोजपट्टी लावली तर त्यांचे गुण दोष म्हणून दिसतात. दुसरे म्हणजे, शेवटच्या कडव्यात येणारे 'वामन' हे नाव या रचनेचा महत्त्वाचा भाग आहे. ज्याला लहानपणी अक्षर मिळाले नाही अशा माणसाने केलेली ती सही आहे. आज गाणी तुकड्यातुकड्याने पसरत असताना सर्वांत आधी गळते ते नेमके हेच कडवे.

जीवनपट

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात, देशवंडी या गावी एका महार कुटुंबात झाला. शाळेचे शिक्षण त्यांना मिळाले नाही. पोटासाठी ते मुंबईला आले, मिळेल ती कामे केली, गिरणीतही राबले. शिवडीच्या बीडीडी चाळीत त्यांचे वास्तव्य होते. या चाळी १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे त्या उभ्या राहिल्या. एका खोलीचे बिऱ्हाड आणि मधले मोकळे पटांगण अशी त्यांची रचना होती. पटांगणात सभा भरे, तालीम चाले, जलसा रंगे. गाणे तिथे सगळ्यांच्या कानावर पडायचे. ऐकायला कोणाला घरातून बाहेर पडावे लागत नसे.

वामनदादांच्या आयुष्यातली एक हकिगत नेहमी सांगितली जाते. चाळीतल्या एका माणसाने पत्र वाचून दाखवण्यासाठी त्यांच्या हातात दिले. त्यांना वाचता येत नव्हते. ती लाज मनाला लागली आणि तरुण वयात त्यांनी अक्षर गिरवायला घेतले. या प्रसंगाकडे केवळ प्रेरणादायी गोष्ट म्हणून पाहू नये. लिहिणे हे ज्याला उशिरा आणि कष्टाने मिळालेले साधन आहे, त्याच्या लेखनात ऐकण्याची सवय आधीची आणि खोलवर असते. वामनदादांची बाराखडी नंतरची. त्याआधी ओव्या, भजने, तमाशातल्या लावण्या यांचे ताल त्यांच्या कानात होते.

१९४३ पासून ते गीते रचू लागले. सुरुवातीच्या रचना चित्रपटगीतांच्या चालींवरची विडंबने होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीशी त्यांचा संबंध याच काळातला. त्याआधीच सत्यशोधक जलशांच्या पावलावर पाऊल ठेवून आंबेडकरी जलसे उभे राहिले होते. भीमराव कर्डक हे त्यातले आघाडीचे नाव. वामनदादा त्या परंपरेचे वारसदार होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षेचा सोहळा झाला आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे निधन झाले. नवा धर्म स्वीकारलेला आणि नेता गमावलेला समाज खेडोपाडी विखुरलेला होता. त्याच्यापर्यंत पुस्तके पोहोचत नव्हती. गाणारी माणसे पोहोचत होती. पुढची चार-पाच दशके वामनदादा महाराष्ट्रभर हिंडत राहिले. त्यांनी हजारो गीते रचली. 'वाटचाल' (१९७३), 'मोहोळ' (१९७६) आणि 'हे गीत वामनाचे' (१९७७) हे त्यांचे संग्रह, आणि 'माझ्या जीवनाचं गाणं' हे आत्मकथन. १९९३ मध्ये वर्धा येथील आंबेडकरी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १५ मे २००४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

'वाटचाल' १९७३ मध्ये आले. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली होती आणि नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला होता. एकाच काळात, एकाच शहराशी नाते सांगणारी, एकाच चळवळीतून आलेली ही दोन पुस्तके. पण दलित कवितेवरची मराठी समीक्षा मुख्यतः मुक्तछंदाभोवती फिरली. ढसाळांच्या कवितेसाठी समीक्षकांनी नवी परिभाषा घडवली. वामनदादांच्या गीतासाठी ती घडवावी असे फारसे कोणाला वाटले नाही, कारण ते 'सोपे' वाटले. हा सोपेपणा कशाचा बनला आहे ते आता पाहू.

ऐकण्यासाठी बांधलेली रचना

वामनदादांच्या गीताची सर्वसाधारण बांधणी अशी असते. सुरुवातीला धृपद. नंतर तीन-चार ओळींचे कडवे, ज्याची शेवटची ओळ धृपदाच्या यमकाला येऊन मिळते. मग पुन्हा धृपद. ते मुख्य गायकाबरोबर झीलकरी, म्हणजे मागे साथ करणारे गायक, उचलून धरतात. अशी चार-पाच कडवी झाली की शेवटचे कडवे, आणि त्यात कवीचे नाव.

हे गीत पुस्तकात वाचले तर तीन गोष्टी खटकतात. एकच ओळ पुन्हा पुन्हा येते. यमक आधीच ओळखू येते. वाक्य सरळ असते, एका ओळीत एक विधान पुरे होते. नव्या कवितेच्या वाचकाला या तिन्ही गोष्टी उणेपणाच्या वाटतात.

आता हे गीत जिथे गायले जाई ती जागा डोळ्यांसमोर आणा. रात्रीची वेळ, गावाबाहेरची वस्ती, उघडे मैदान. पेट्रोमॅक्सची बत्ती, साधा किंवा बिघडलेला ध्वनिक्षेपक. समोर शेतातून आलेली माणसे, कडेवर मुले घेतलेल्या बाया, मागे भुंकणारी कुत्री. वारा फिरला की अर्धे शब्द उडून जातात. संचार अभियांत्रिकी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना ही परिस्थिती ओळखीची वाटेल. गोंगाट असलेल्या माध्यमातून संदेश बिनचूक पोहोचवायचा असेल तर संदेशात जादा माहिती घालावी लागते, म्हणजे काही भाग गळला तरी उरलेल्यावरून तो भरून काढता येतो. क्लॉड शॅनन यांनी १९४८ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात हा विचार गणिताने मांडला. सामान्य इंग्रजी लेखनातही अशी जादा माहिती साधारण निम्मी असते, असा त्यांचा अंदाज होता.

वामनदादांच्या गीतातली पुनरुक्ती हेच काम करते. पहिल्यांदा धृपदातला एखादा शब्द निसटला तर झीलकरी तो पुन्हा देतात. यमक ठरलेले असल्यामुळे शेवटचा शब्द ऐकू आला नाही तरी श्रोता तो मनातल्या मनात पुरा करतो. वाक्य ओळीत पुरे होत असल्यामुळे एक ओळ गेली तर एकच विधान जाते, कडवे कोसळत नाही. इमारतीतला कोणता भाग शोभेचा आणि कोणता भार वाहणारा हे पाहणाऱ्याला बाहेरून कळत नाही; तो भाग काढून पाहिला की कळते. या गीतांतून पुनरुक्ती काढली तर ती कागदावर नेटकी दिसतील, पण मैदानात पहिल्या वाऱ्याला पडतील.

आणखी एक गोष्ट. धृपद तिसऱ्यांदा येते तेव्हा श्रोते ते म्हणू लागतात. म्हणजे ऐकणारा गाणारा होतो. दुसऱ्या दिवशी शेतात, जात्यावर, गिरणीच्या पाळीला जाताना तीच ओळ त्याच्या तोंडी असते. ज्या समाजात बहुसंख्यांना वाचता येत नव्हते, तिथे गाणे ही प्रत काढण्याची पद्धत होती. गायन पार्ट्यांनी ही गीते उचलली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारखे ताकदीचे गायक ज्या आंबेडकरी गायनपरंपरेत वावरले, तिच्या भांडाराचा मोठा भाग वामनदादांनी भरलेला आहे.

चाल उसनी, शब्द आपले

वामनदादांवर आणखी एक आक्षेप घेतला जातो तो चालींचा. चित्रपटगीत, लावणी, भजन, कव्वाली अशा ओळखीच्या चालींवर त्यांनी गीते बांधली. मग नवे काय केले?

येथे अमेरिकेतल्या वुडी गथ्री (१९१२–१९६७) या गायक-कवीकडे पाहणे उपयोगी ठरेल. ओक्लाहोमातल्या ओकीमा या गावात जन्मलेला हा माणूस स्थलांतरित शेतमजुरांमध्ये गात फिरला. अमेरिकाना परंपरेत त्याला पूर्वजाचे स्थान आहे. त्याचे सर्वांत प्रसिद्ध गीत, 'धिस लँड इज युअर लँड', त्याने १९४० मध्ये लिहिले. त्याची चाल कार्टर फॅमिली या गायकसंचाच्या एका धार्मिक गीतावरून आली आहे. त्याच्याही आधी जो हिल या कामगार गायकाने चर्चच्या स्तोत्रांच्या चालींवर संपाची गाणी बसवली होती. त्यामागचे कारण साधे होते : चाल ओळखीची असेल तर श्रोत्याला फक्त शब्द शिकावे लागतात.

पण वामनदादांच्या बाबतीत यापेक्षा थोडे अधिक घडते. भजनाची चाल ऐकताच श्रोत्याच्या मनात देऊळ उभे राहते. त्याच्या आजोबांना त्या देवळाच्या पायरीपाशी थांबावे लागले होते. त्या चालीत आता देवाऐवजी माणसाच्या हक्काचे शब्द येतात, तेव्हा ती चाल त्याच्या मालकीची होते. लावणीची चाल ही दुसऱ्यांच्या करमणुकीसाठी नाचण्याची आठवण घेऊन येते. तिच्यात शिक्षणाचा, संघटनेचा विषय येतो तेव्हा त्या आठवणीचीही उलथापालथ होते. उसनी चाल येथे अर्थ निर्माण करते. कोणत्या चालीवर कोणते शब्द बसवले हे न पाहता या गीतांचे परीक्षण करता येत नाही, आणि छापील संग्रहात नेमकी हीच माहिती हाती लागत नाही.

नाममुद्रा : परंपरा आणि बदल

आता शेवटच्या कडव्याकडे येऊ. कवीने रचनेच्या शेवटी आपले नाव गुंफायचे, या पद्धतीला मराठीत नाममुद्रा म्हणतात, हिंदीत छाप. अभंगांत तुकाराम, चोखामेळा, जनाबाई यांची नावे शेवटच्या चरणात येतात. हिंदी प्रदेशात कबीर आणि सूरदास यांची नावे तशीच येतात.

हे नाव किती महत्त्वाचे काम करते याचा एक जुना पुरावा जयपूरमध्ये आहे. सिटी पॅलेसमधील महाराजा सवाई मानसिंह (द्वितीय) संग्रहालयात १५८२ मध्ये शेखावाटीतील फतेहपूर येथे लिहिलेली पदांची एक पोथी जपलेली आहे. सूरदासांच्या पदांची ही सर्वांत जुनी ज्ञात दिनांकित पोथी मानली जाते. तिच्यात कबीरांसह इतर कवींचीही पदे आहेत. ही पदे गाणाऱ्यांच्या तोंडून पोथीत आलेली. कोणते पद कोणाचे हे कसे ठरवायचे? पदातल्या छापेवरून. म्हणजे गाणे कितीही तोंडांतून फिरले तरी कवीचे नाव त्याच्या छंदातच बसवलेले असल्यामुळे टिकून राहते. ते काढायचे म्हटले तर मात्रा मोडतात. मौखिक परंपरेत कवीकडे असलेला हा एकच मालकीहक्क. अर्थात तो अपुरा आहे. दुसऱ्या कोणी आपल्या पदात कबीरांचे नाव घातले तर ते पद कबीरांचे म्हणून फिरू लागते, आणि कबीरांच्या अभ्यासकांना आजही हा प्रश्न सोडवावा लागतो.

मराठी शाहिरीत या पद्धतीचे एक सुंदर उदाहरण आहे. 'होनाजी बाळा' हे नाव एका माणसाचे वाटते, पण ती दोन माणसे आहेत. होनाजी हा रचनाकार आणि बाळा हा त्याचा गायक जोडीदार. लिहिणाऱ्याचे आणि गाणाऱ्याचे नाव एकत्र बांधण्याचे हे शहाणपण पेशवाईच्या उत्तरकाळातल्या तमाशाकडे होते.

वामनदादांनी नाममुद्रा या दोन्ही परंपरांकडून घेतली. त्यांच्या एका संग्रहाचे शीर्षकच 'हे गीत वामनाचे' आहे. नाममुद्रा तिथे मुखपृष्ठावर आली. पण संतांच्या नाममुद्रेत आणि या नाममुद्रेत एक फरक आहे. संत देवापुढे आपले नाव घेतो ते बहुधा शरण जाण्यासाठी. वामनदादा जमलेल्या लोकांपुढे नाव घेतात ते जबाबदारी घेण्यासाठी. 'हे जे मी म्हटले, ते म्हणणारा मी अमुक' असा त्याचा भाव आहे. कागदावर मजकूर लिहून खाली सही करावी तसे हे आहे.

ज्याच्या घराण्यात सहीच्या जागी अंगठा उमटत आला, त्याच्यासाठी या सहीचे मोल वेगळे आहे. पत्र वाचता आले नाही म्हणून शरमलेला तरुण पुढे हजारो गाण्यांखाली आपले नाव लिहितो, आणि तेही अशा ठिकाणी की कोणालाही ते सहज खोडता येऊ नये. शिवाय जातीच्या नावाने हाक मारली जाणाऱ्या समाजात स्वतःचे पाळण्यातले नाव भर सभेत उच्चारणे हे नुसते छंदाचे काम राहत नाही.

स्तुती आणि जाब

या नाममुद्रेतून एक अवघड प्रश्नही उभा राहतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी इशारा दिला होता की धर्मातली भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणातली भक्ती, म्हणजे व्यक्तिपूजा, अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. मग भक्तिगीताचा साचा घेऊन त्याच नेत्याची गाणी रचणारा कवी या इशाऱ्याच्या विरोधात जात नाही का?

काही गीतांच्या बाबतीत उत्तर 'जातो' असेच द्यावे लागेल. जयंतीच्या निमित्ताने रचलेल्या अनेक गीतांत सूर्य, माउली, उद्धारक अशी ठरलेली विशेषणे येतात. त्यांतून विचार पुढे सरकत नाही. मागणी मोठी आणि निमित्ते ठरलेली असली की रचना साच्यातून निघू लागते, वामनदादांचीही निघाली. त्यांच्यावरच्या आदरापोटी हे झाकण्याचे कारण नाही.

पण त्यांची उत्तम गीते या साच्याला आतून वळवतात. बाबासाहेबांच्या मताची पाच माणसे असती तर, अशी कल्पना करणारे त्यांचे गीत महाराष्ट्रभर माहीत आहे. त्याचे व्याकरण पाहा. ते संकेतार्थात आहे. मराठीत 'पाऊस पडला असता तर पीक आले असते' असे म्हटले की पाऊस पडला नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. 'असते' या एका क्रियापदाने ते गीत भरलेले आहे आणि गझलेच्या रदीफेसारखे ते प्रत्येक वेळी परत येते. म्हणजे हाक नेत्याला मारली आहे, पण आरोप ऐकणाऱ्यांवर आहे : लाखोंच्या सभेत पाचही नाहीत. बोलणे आणि वागणे यांतले अंतर हा त्या गीताचा विषय आहे. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षात काही वर्षांतच गट पडले, ही गोष्ट आठवली की हा आरोप ठोस आणि तातडीचा होता हे कळते. आणि तो करणारा बाहेरचा टीकाकार नव्हता. त्याच मंचावर, त्याच झेंड्याखाली उभे राहून, टाळ्या वाजवणाऱ्यांच्या तोंडावर त्याने तो केला. ऐकणाऱ्यांनी तो धृपदासह म्हणूनही दाखवला. आपल्यावरचा आरोप आपणच सुरात म्हणायचा, हे या रचनेने घडवले.

दुसरे उदाहरण आर्थिक विषयावरचे आहे. देशातल्या मोठ्या उद्योगपतींची नावे घेऊन आमचा वाटा कुठे आहे असे विचारणारे त्यांचे गीत यमकावर उभे आहे. टाटा, बाटा या नावांना 'वाटा' हा शब्द येऊन भिडतो. वरवर पाहता ही शब्दांची गंमत आहे आणि लोक हसतात. पण 'वाटा' हा शब्द गावगाड्यातून आलेला आहे. पिकाचा वाटा, बलुत्याचा वाटा. हक्काचा असूनही उपकारासारखा हातावर टाकला जाणारा. तो शब्द गिरणीच्या आणि कारखान्याच्या मालकापुढे ठेवला की खेड्यातला जुना हिशेब आणि शहरातला नवा हिशेब एका ओळीत येतात. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला उत्पन्नाचे वितरण म्हणतात. वामनदादांनी तोच विषय अशा शब्दात सांगितला की ऐकणाऱ्या बाईला तो समजावून द्यावा लागला नाही.

म्हणून असे म्हणता येईल की वामनदादांनी भक्तीचा साचा घेतला, पण त्यांच्या श्रेष्ठ गीतांत शरणागतीच्या जागी जाब आला. स्तुती करणाऱ्या गीतापेक्षा प्रश्न विचारणाऱ्या गीतात त्यांची सही अधिक ठळक उमटते, कारण प्रश्नाखाली सही करायला अधिक धैर्य लागते.

शेवटचे कडवे गळते तेव्हा

गथ्रीच्या गीताची एक गोष्ट अजून सांगायची राहिली. ते गीत अमेरिकेतल्या शाळांत देशभक्तिगीत म्हणून म्हटले जाऊ लागले. पण खाजगी मालमत्तेची पाटी आणि मदतीच्या कचेरीबाहेर रांगेत उभे असलेले भुकेले लोक यांच्याविषयीची मूळ कडवी सर्वसाधारण गायनातून बाजूला पडली. उरला तो निसर्गवर्णनाचा सुंदर भाग. जानेवारी २००९ मध्ये बराक ओबामा यांच्या शपथविधीआधी लिंकन स्मारकापाशी झालेल्या कार्यक्रमात पीट सीगर यांनी ती कडवी पुन्हा गायली. गाणे लोकप्रिय होताना त्यातला जाब आधी गळतो, याचे हे उदाहरण आहे.

आपल्याकडेही हाच धोका आहे, फक्त कारणे तांत्रिक आहेत. १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. तिच्यात जास्त गाणी बसवायची तर कडवी कमी करावी लागतात. कव्हरवर गायकाचा फोटो ठळक असे, गीतकाराचे नाव बारीक अक्षरात, किंवा नसेच. आता मोबाइलवर तीस सेकंदांचे तुकडे फिरतात. त्यात धृपद असते, ढोलकी असते, नाचणारी माणसे असतात. शेवटचे कडवे त्यात येणे शक्यच नसते. चार शतकांपूर्वीच्या पोथीत छापेमुळे कवी टिकला. आजच्या साधनांत आवाज अगदी स्वच्छ टिकतो, पण छाप कापली जाते.

तंत्रज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी यावर विचार करावा, कारण ही साधने तेच घडवणार आहेत. ध्वनिफितीसोबत कवीचे, गायकाचे आणि साथीदारांचे नाव साठवणे अवघड नाही. होनाजी आणि बाळाला जे सुचले ते आपल्या यंत्रांना न सुचण्याचे कारण यंत्रात नाही. कोणाचे नाव जपायचे हे आपण आधी ठरवतो आणि मग त्यासाठी रकाना तयार करतो.

समारोप

वामनदादांच्या गीतांचा अभ्यास करताना तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, ही रचना ऐकण्यासाठी आहे. तिची पुनरुक्ती, यमक आणि सरळ वाक्य ही मैदानातल्या गरजेतून आलेली आहेत. दोन, चाल आणि शब्द यांचा संबंध पाहिल्याशिवाय अर्थ पुरा कळत नाही. तीन, नाममुद्रेचे कडवे हे गीताचा अविभाज्य भाग आहे. या कसोट्यांवर काही गीते उणी ठरतील, ठरू द्यावीत. जी उतरतील ती मराठीतल्या कोणत्याही चांगल्या कवितेच्या शेजारी संकोच न करता ठेवता येतील.

आणि एक साधी विनंती. पुढच्या वेळी हे गाणे लागेल तेव्हा ते शेवटपर्यंत ऐका. कवी शेवटी येतो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या भागातले एखादे आंदोलनगीत किंवा भजन प्रत्यक्ष गायनात ऐका आणि नंतर ते कागदावर उतरवून वाचा. कोणत्या गोष्टी फक्त ऐकताना जाणवल्या? कोणत्या फक्त वाचताना?

२. आपल्या मातृभाषेत नाममुद्रेची किंवा छापेची पद्धत आहे का? एका संतकवीची आणि एका आधुनिक गीतकाराची तुलना करून नाव घेण्यामागचा हेतू कसा बदलला ते लिहा.

३. संकेतार्थाचा वापर आरोप करण्यासाठी कसा होतो, हे रोजच्या बोलण्यातली तीन वाक्ये घेऊन दाखवा.

४. 'व्यक्तिपूजेला विरोध करणाऱ्या नेत्याची स्तुतिगीते' यात विसंगती आहे काय? आपले मत उदाहरणांसह मांडा.

५. लोकगीतांच्या ध्वनिमुद्रणांची यादी तयार करायची आहे असे समजा. प्रत्येक नोंदीत कोणकोणते रकाने ठेवाल, आणि का?